थकून गेलेला अधिकारी परत येतो तेव्हा

बँकेत संवेदनशील पदावर असलेल्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, तेही आगाऊ न सांगता, अशी रिझर्व्ह बँकेची 2021 ची सूचना आहे. त्या काळात त्याने कामाच्या यंत्रणेत शिरायचे नाही. कार्यालयीन ईमेल तेवढा चालतो. हेतू अर्थातच विश्रांतीचा नाही. टेबलावर दुसरा माणूस बसला की लपवलेले बाहेर येते, एवढाच.

म्हणजे घोटाळ्याच्या भीतीने माणसाला मोकळे करता येते. थकव्यासाठी मात्र ‘तुमच्याशिवाय शाखा कशी चालेल?’ हे उत्तर तयारच असते.

गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागडसारख्या ठिकाणी हे उत्तर अगदीच खोटे नाही. शाखेत माणसे मोजकी. मार्चअखेर संपत नाही तोच तेंदूपत्त्याचा हंगाम, मग धानाचे पीककर्ज, पीकविमा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. चंद्रपूरच्या शाखेत निदान बदली माणूस सापडू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. तरी रजेच्या अर्जावर पाठदुखी लिहिणेच सोयीचे वाटते. आणि पाठदुखीचा माणूस परतला की त्याला तेच टेबल, तीच टार्गेट आणि वर साचलेल्या फायली मिळतात.

लंडनच्या लॉइड्स बँकेचे प्रमुख अँतोनियो होर्ता-ओसोरियो नोव्हेंबर 2011 मध्ये निद्रानाशाने खचून रजेवर गेले आणि जानेवारी 2012 मध्ये परतले. परतण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली, संचालक मंडळाने खात्री करून घेतली. परतल्यावर त्यांनी स्वतःकडचे काम अधिक वाटून दिले. 2011 चा बोनस सोडला आणि पुढे 2021 पर्यंत पद सांभाळले. साहेब मोठा होता, म्हणून खुर्ची त्याच्या मापाची करून घेता आली. अहेरीच्या कर्ज अधिकाऱ्याला आपल्या कामाचे माप ठरवता येत नाही. ते प्रादेशिक कार्यालयाच्या हातात असते.

तेव्हा बदल तिथेच हवा. परतणाऱ्याला रुजू करण्याची तारीख मार्चअखेरीच्या किंवा पीककर्जाच्या धामधुमीत पडू नये. साचलेल्या फायली आधी दुसऱ्याकडे सोपवाव्यात. आणि पहिली तिमाही तरी टार्गेटच्या तक्त्यात त्याचे नाव नसावे.