मिश्रणाचा हिशेब
१९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी ज्या धानाच्या बांध्यांसाठी अडविले गेले, त्या धानाच्या कणीपासूनही आता इथेनॉल गाळता येते. परंतु लिटरभर इथेनॉलात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्याने पेट्रोलमधील त्याच्या २० टक्के मिश्रणावर जुन्या दुचाकीचे अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटते, असा नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालाचाच अंदाज आहे. म्हणजे लिटरला ५० किलोमीटर धावणारी गाडी ४८वर येते, आणि धरणाजवळच्या पवनीला १०० रुपयांचे पेट्रोल टाकून, मागे खताचे पोते बांधून गावी परतणाऱ्या शेतकऱ्याला ही तूट पदरमोड करून भरावी लागते. पंपावरील दरात तिची वजावट नाही. इथेनॉलमुळे होणारी परकीय चलनाची बचत मला मनःपूर्वक मान्य आहे, पण तिचा काही अंश सवलतीच्या रूपाने त्या शेतकऱ्याच्या पदरी पडलाच पाहिजे.