स्रोताची तहान

‘नियोजन’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन तट पडतात. एकाच्या मते दिल्लीच्या योजना भवनात बसलेल्या मूठभर पंडितांनी देशाच्या उद्योगाचा गळा आवळला. दुसऱ्याच्या मते ते पंडित नसते तर भिलाई उभी राहिली नसती. दोन्ही तटांनी हा वाद घटकाभर बाजूला ठेवून पेण तालुक्यातील जिते पाहून यावे, अशी माझी विनंती आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपट्याच्या पुढचे स्थानक. फार लांब नाही.

जित्याला सिडकोचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. हेटवणे धरणाचे पाणी येथे येते, निर्मळ होते आणि नव्या मुंबईला जाते; दिवसाकाठी सुमारे 150 दशलक्ष लिटर. धरण मुळात पेणच्या शेतीसाठी. भिंत पुरी झाली, कालवे मात्र रेंगाळले. शहराकडे जाणारा नळ असा रेंगाळल्याचे कोणी ऐकले आहे काय? आता तर हेटवण्याहून जित्यापर्यंत आणि जित्याहून वहाळपर्यंत जमिनीच्या पोटातून बोगदे न्यायचे आहेत. इकडे वाशी-शिर्कीच्या खारेपाटात भाताचे एकच पीक. उधाणाने बांध फुटला की तेही नाही, आणि उन्हाळा लागला की पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट.

हे कोणा दुष्टाचे कारस्थान नव्हे. असते तर बरे. निदान ते उघडकीस आणता आले असते. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’मधून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली ती मुंबईचा कोंडमारा पाहून, आणि तीत खोट नव्हती. 1970 साली सिडको निघाली. येणारी माणसे, घरे, लिटर सारे मोजले गेले. ज्या खोऱ्यातून पाणी आणायचे ते मात्र कागदावर नुसते ‘स्रोत’ झाले. स्रोतालाही तहान लागते, हे कोणत्या कोष्टकात बसवणार? धनंजयराव गाडगीळ 1967 ते 1971 नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. जिल्ह्याची योजना जिल्ह्याने करावी, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या तसबिरीला हार घालून आपण तो निकालात काढला.

बाजारवाद्यांनी मात्र लगेच टाळ्या पिटू नयेत. याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील 22 गावांच्या जमिनी खासगी ‘महामुंबई सेझ’ला हव्या होत्या. 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारने गावकऱ्यांचे मत घेतले, तेव्हा त्यांनी भरभरून ‘नाही’ म्हटले. गावाला प्रश्न विचारला तर उत्तर मिळते, ही केवढी नवलाई! 2014 साली नियोजन मंडळ मोडायचे ठरले, नवा आयोग आला. पण रीत तीच. 2024 साली उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील 124 गावे आणखी एका नव्या नगरासाठी एका प्राधिकरणाच्या हाती दिली गेली.

शहराला पाणी देऊ नका, असे मी म्हणत नाही. तिथली कितीतरी माणसे याच तालुक्यातून पोटासाठी गेलेली आहेत. माझी मागणी एवढीच की कालवे आधी, बोगदा मागाहून. खारेपाटाच्या शेवटच्या चारीत पाणी पोचल्याचा दाखला ग्रामसभेने द्यावा आणि मगच जित्याहून वाढीव पाणी सुटावे. एवढी एक अट घालायला कोणत्या आयोगाची परवानगी लागते, ते मंत्रालयातून कोणीतरी मला कळवावे.