जुनी नौका आणि भंगाराची बुद्धी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत मालमोटारी भरभरून भंगार येते आणि भट्ट्यांत वितळून बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. असंख्य कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती भट्टीच्या सहवासात आपल्या डोक्यात रुजलेल्या एका समजुतीबद्दल. वस्तू जुनी झाली की तिचे मोल वजनावर ठरते. ती काट्यावर घालावी, आलेल्या पैशांत भर टाकून नवी आणावी, आणि मधल्या काळात तिला हात लावण्याची वेळ आलीच तर तो मिस्त्रीने लावावा, अशी ती समजूत. सुशिक्षितांत ती अधिक बळकट आहे. ज्याच्या हाताला ग्रीस लागले त्याची पायरी खालची, हे आपल्याकडे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. मुले ते पाहून शिकतात.

या समजुतीचा पोकळपणा दाखविण्यासाठी मी शिडाच्या प्रवासी नौकेचे उदाहरण घेणार आहे. वाचक हसतील. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दुष्काळासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात बसून नौकेची उठाठेव कशाला? त्याचे कारण असे की, भंगाराची बुद्धी जिथे पुरती हरते अशी वस्तू म्हणजे जुनी नौका होय.

गेल्या साठ वर्षांत जगभर ज्या हौशी प्रवासी नौका बांधल्या गेल्या, त्यांपैकी बहुतेक फायबरच्या आहेत. काचेच्या धाग्यांचे कापड साच्यात थरावर थर अंथरायचे आणि त्यात रेझीन मुरवायचे, अशी त्यांची घडण. हे रेझीन एकदा आवळले की पुन्हा वितळत नाही. लोखंड शंभर वेळा भट्टीत घाला, शंभर वेळा ते पाणी होईल. फायबर नुसते जळेल आणि धूर करील. म्हणून जुन्या फायबरच्या नौकेला भंगारवाला विचारीत नाही. ती करवतीने कापावी, जमिनीत पुरावी, नाहीतर खाडीच्या चिखलात बेवारस सोडून द्यावी, एवढेच मार्ग उरतात. फ्रान्ससारख्या देशाला अशा नौका मोडण्यासाठी २०१९पासून स्वतंत्र व्यवस्था उभारावी लागली. आणि तेथेही मोडलेल्या नौकेतून नवी नौका निघत नाही.

आता गंमत पाहा. ज्या गुणामुळे ती वितळत नाही, त्याच गुणामुळे ती लवकर मरतही नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची कितीतरी कवचे आजही धडधाकट आहेत. मरते ते कवचाला जोडलेले सामान, आणि त्यातले बहुतेक बेताच्या बुद्धीच्या, पण चिकाटीच्या माणसाला स्वतः बदलता येते. डेकचेच घ्या. वरखाली फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये हलके बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड, अशी पुष्कळ नौकांची रचना असते. कोणीतरी त्यावर एखादी कडी बसविताना स्क्रूचे भोक उघडे सोडतो. पावसाचे पाणी वर्षानुवर्षे थेंबथेंब आत उतरते, लाकूड कुजते, आणि एके दिवशी पायाखालचा डेक मऊ लागतो. यावर उपाय काय? भोक मोठे करावे, भोवतीचे ओले लाकूड कोरून काढावे, पुरते वाळू द्यावे, इपॉक्सीने भरावे आणि त्या घट्ट भरावात नवे भोक पाडावे. दोन सुट्ट्यांचे काम आहे. मात्र ‘पुरते वाळू द्यावे’ या तीन शब्दांपाशी कंत्राटी कारागिराचा धीर सुटतो. त्याला संध्याकाळी हिशेब हवा असतो. नौकेत ज्याला स्वतः झोपायचे आहे, तोच आठवडाभर थांबतो.

बुडातून समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या किंवा बाहेर सोडणाऱ्या कॉकची कथा याहून गंभीर आहे. तो साध्या पितळेचा असला तर खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू खाऊन टाकते. वरून तो जागच्या जागी दिसतो. खरवडून पाहिले तर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो. असा कॉक हाताच्या एका हिसक्याने तुटू शकतो आणि नौका तळाशी जाऊ शकते. कांशाचा कॉक थोडा महाग पडतो, एवढेच. पण जुनी नौका घेणारे पुष्कळ हौशी लोक आधी काय घेतात? रंगीत पडद्याचे नकाशायंत्र, गाद्यांना नवे कापड, शीतकपाट! याला ते ‘सुधारणा’ म्हणतात. दुरुस्ती आणि सुधारणा या दोन शब्दांची आपण केलेली अदलाबदल मला सर्वांत घातक वाटते. गुलाबी पडलेल्या कॉकवर तरंगणारे शीतकपाट ही सुधारणा नव्हे, ती आरास आहे.

‘मिस्त्रीचे काम मिस्त्रीनेच करावे’ असे म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: समुद्रात मिस्त्री कोठून आणणार? ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका मुंबईत, आपल्याच सुतारांच्या हातांनी बांधली गेली. तीत बसून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाले आणि कोठेही न थांबता, एकटे, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले. वाटेत अटलांटिकमध्ये बुडाची एक सांध गळू लागली, तेव्हा पाण्यात बुड्या मारून त्यांनी बाहेरून सांधीत कापूस ठासला. इंजिनातली सूक्ष्म फट मोजण्याचे साधन बरोबर नव्हते, तर पुस्तकाची किती पाने म्हणजे एक इंच हे मोजून, तेवढ्या पानांच्या जाडीने त्यांनी फट जुळविली. अर्ध्या शतकानंतरही ती नौका भंगारात गेली नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते स्वतः हत्यारे घेऊन तिच्या गंजलेल्या सांध्यांशी बसले आणि तिला पुन्हा पाण्यात उतरविले.

त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ भरलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी २०१८मध्ये गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. वादळात डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तोच माणूस २०२२मध्ये पुन्हा निघाला. या शर्यतीत १९८८पूर्वीच्या आराखड्याच्याच नौका चालतात आणि बाहेरून मदत घेता येत नाही. ‘बायानत’ या नौकेवर वाऱ्याच्या दिशेने आपोआप चालणाऱ्या सुकाणूचे भाग तुटत गेले, तेव्हा टॉमींनी शौचालयाचा दरवाजा कापून त्याचे पाते बनविले! २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसरे आले. आपल्या वर्तमानपत्रांनी धैर्याचे पोवाडे गायिले ते योग्यच. पण त्या दरवाज्यावर एखादा अग्रलेख कोणी लिहिला असता तर शाळांना अधिक उपयोग झाला असता.

सर्वांनी सर्व करावे, असे माझे म्हणणे नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, तळाच्या वजनाचे बोल्ट, स्वयंपाकाच्या गॅसची नळी, येथे जाणकाराची नजर हवीच, आणि तिचे पैसे आनंदाने द्यावेत. पण जाणकार काय सांगतो ते कळण्यापुरता तरी हात काळा झालेला असावा. बुडावर चार फोड दिसले की संपूर्ण थर सोलून काढण्याचा सल्ला देणारे महाभाग सर्व देशांतल्या बंदरांत असतात. अनेकदा ते फोड कोरून, धुऊन, वाळवून भरले तरी पुरते. ज्याने हे एकदा स्वतः केले आहे, त्याला कोणी घाबरवू शकत नाही.

आणि हे ज्ञान आपल्याला परके आहे, असे तरी कोणी म्हणू नये. अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारांत एके काळी विहिरीवर डिझेलचे इंजिन असे. इंजिनाने हवा घेतली की शेतकरी कोणाची वाट पाहत नसे. नट सैल करून, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईपर्यंत हाताने पंप मारून, पुन्हा आवळून हँडल फिरवीत असे. शिडाच्या नौकेतल्या लहान डिझेल इंजिनाचे निम्मे दुखणे हेच, आणि त्यावरचा उपायही हाच. विजेचे पंप आले आणि ती विद्या एका पिढीत विसरली गेली. मोटार जळाली की ती दुकानात टाकून आज शेतकरी टपरीवर बसतो. त्यात त्याचा दोष कमी, काळाचा अधिक. काळाने शेतकऱ्याला सोय दिली हे खरे, पण मोबदल्यात काय नेले याची पावती दिली नाही.

नौका ही श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेपही सप्टेंबर २०२५नंतर मराठवाड्यात कोणी घेऊ नये. गोदावरी आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा आहे. जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगीच्या बंधाऱ्यांमुळे तिच्या पात्रात आता पाणी साठून राहते. आणि पूर आला की काठच्या गावांना थर्माकोलचा चप्पू किंवा गुळाची काहील यांचा आधार शोधावा लागतो. सरकारी बोट येते तीही फायबरची किंवा रबरी. तिच्या बुडाला चीर आहे का, इंधनाच्या नळीत गेल्या वर्षीचे डिंकासारखे झालेले पेट्रोल आहे का, हे विचारणारा कोण? ठेकेदार? तो वर्षातून एकदा येऊन सही करतो. गोदाकाठच्या प्रत्येक मोठ्या गावात, त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या भोई तरुणांपैकी दोघांना रेझीन, काचकापड, पान्ह्यांचा संच आणि आठ दिवसांचे शिक्षण दिले, तर नवी बोट घेण्याच्या निविदेपेक्षा ते स्वस्त पडेल. मग मे महिन्यात इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून पंधरा मिनिटे चालवून पाहावे, आणि ते चालविणाऱ्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावीत.