जातीची मान्यता वेगळी, जनावराची नोंद वेगळी



भीमथडी या घोड्यांच्या जातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोची मान्यता मिळाली, म्हणजे आता प्रत्येक भीमथडी घोडा ‘नोंदणीकृत’, असे गेल्या अंकातले पत्रलेखक लिहितात. गफलत इथेच आहे. ती मान्यता जातीची. दावणीला बांधलेल्या घोडीची नव्हे.

एकेका जनावराची नोंद कशी असते, ते शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत पाहा. शिंगराचे आईबाप दोघेही स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, हवेत, डीएनए जुळायला हवा, कृत्रिम रेतन चालतच नाही. वय मोजायचे ते १ जानेवारीपासून, मग जन्म कधीचा का असेना! शिवाय कपाळावरचे, मानेवरचे भोवरे ओळखखूण म्हणून टिपून घेतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आपणही भोवरेच बघतो, पण ‘देवमण’ हा शुभ मानलेला भोवरा आहे का म्हणून, आणि भाव त्यावर चढतो. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके भिडली की झाली जात शुद्ध! तसे कान संकरातही उतरतात, साहेब.

आमच्या किनारपट्टीवर पर्यटकांना फिरवणाऱ्या तट्टाला वंशावळ नको, हे मान्य. त्याचे खूर आणि पाठ धड असली की पुरे. पण पैदाशीचा म्हणून घोडा विकणाऱ्याने आईबापांचे कागद दाखवावेत, नाहीतर तट्टाचा भाव घ्यावा.

— एक वाचक, चिंचणी (ता. डहाणू)