प्रार्थना म्हणते कोण?

दिल्लीतील हिंदूराव रुग्णालयाच्या परिसरात, उत्तरेकडील रिजच्या कडेने मी रोज सकाळी फिरावयास जातो. त्या वाटेवर एक शाळा आहे. ठरलेल्या वेळी तेथून प्रार्थनेचे स्वर येतात. सूर शुद्ध, लय चोख, मागे बासरी-तबल्याची साथ. बरेच दिवस मला त्या शाळेचे कौतुक वाटत होते. एकदा फाटकाशी थांबून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की मुले गातच नव्हती. हात जोडून, ओठ मिटून ती रांगेत उभी होती आणि प्रार्थना ध्वनिक्षेपक म्हणत होता. एका शिक्षिकेला विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘सर, पूर्वी मुलेच म्हणत. पेटी वाजवणारे शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. आता कळ दाबली की चार मिनिटांत प्रार्थना संपते आणि पहिला तास वेळेवर सुरू होतो.’’

सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी शेजारच्या दिल्ली विद्यापीठात इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. तेव्हाही या टेकडीवर शाळांच्या प्रार्थना ऐकू येत. त्या बहुधा बेसूर असत. निम्मी मुले पुढे धावत, निम्मी मागे राहत. त्या आठवणीने ‘जुने ते सोने’ म्हणण्याचा मोह होतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो आवरला पाहिजे, आणि या टेकडीवर तर विशेष.

मराठी वाचकांना टेकडीचे हे नाव परके वाटू नये. हिंदूराव हे कागलच्या घाटगे घराण्यातील सरदार, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने येथे बंगला बांधला. १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर तो हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात तेथे इंग्रज फौजेचे ठाणे होते आणि पुढे रुग्णालय झाले. जवळचा अशोकस्तंभही मूळचा येथला नव्हे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून आणवला. येथे आज जे जे पुरातन म्हणून दाखवले जाते, ते ते कधीतरी बाहेरून आलेले नवे होते.

शाळेतल्या पेटीचेही तसेच आहे. हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. भारतीय संगीतातील मींड आणि श्रुती तिच्या ठरीव स्वरांत सापडत नाहीत, हा आक्षेप इतका बळकट होता की १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. त्याच पेटीला आज आपण शालेय परंपरेची खूण मानतो आणि तिच्या जाण्याने हळहळतो.

ज्या दोन महाराष्ट्रीय गृहस्थांमुळे संगीत वर्गात आले, तेही आपापल्या काळी नवे आणि वादग्रस्तच होते. कोल्हापूर परिसरातील कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर, ठरलेल्या अभ्यासक्रमाने आणि स्वरलिपीच्या आधाराने संगीत शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. वकिली सोडून संगीताकडे वळलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांकडच्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या आणि १९१६ पासून बडोदा, दिल्ली अशा ठिकाणी संगीत परिषदा भरवल्या. गुरुमुखातून येणारी विद्या छापील पानावर कशी उतरेल, असे तेव्हाही विचारले गेले. आक्षेपात तथ्य होते. पण जुनी व्यवस्था सामान्य घरातील मुलामुलींसाठी जवळजवळ बंद होती, हेही तितकेच खरे. या सुधारणेला किंमतही पडली. संगीताला घरंदाज रूप देण्याच्या ओघात ज्या गायिकांनी आणि उस्तादांनी ते जतन केले होते, त्यांतील अनेकांना पांढरपेशा समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले. जुन्याचा गौरव करताना हा हिशेब विसरता येणार नाही.

नव्याला सरकारी आदेशाने थोपवता येते, हाही भ्रम. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारनेच माघार घेतली. केसकरांची शास्त्रीय संगीताविषयीची तळमळ खरी होती; पण लोकांची अभिरुची परिपत्रकाने घडत नाही.

म्हणून आजची मुले काय ऐकतात, याची मला फारशी चिंता नाही. भ्रमणध्वनीवर त्यांना हवा तो गवय्या, हवी ती भाषा मिळते. आमच्या पिढीला रविवारची वाट पाहावी लागे. एखाद्या खेड्यातील मुलगी आज किशोरी आमोणकर ऐकू शकते, ही मोठीच प्राप्ती आहे. चिंता वेगळी आहे. पलुस्करांपासून आमच्या शाळेतल्या पेटीवाल्या मास्तरांपर्यंत प्रत्येक नव्या व्यवस्थेत मूल स्वतः गात होते. ध्वनिक्षेपकाच्या व्यवस्थेत ते प्रथमच निव्वळ श्रोता झाले आहे. स्नेहसंमेलनातही ध्वनिमुद्रित गाण्यावर पावले टाकली जातात. गळा कोणाचाच लागत नाही.

कागदावर मात्र संगीताला कधी नव्हते इतके स्थान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासविषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत नाकारली. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले. ‘एनसीईआरटी’ने तिसरीसाठी ‘बांसुरी’ आणि सहावीसाठी ‘कृति’ ही कलेची पाठ्यपुस्तके काढली. पण शिकवणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. चित्र, नाट्य, नृत्य, संगीत या सर्वांचा भार त्या एका अंशकालीन निदेशकावर! शंभराहून कमी मुलांच्या शाळेला तर तोही नाही.

या स्थितीत माझाही वाटा आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी शिक्षण खात्यात असताना माझ्यापुढे एक नस्ती आली. संगीत शिक्षकांची अनेक वर्षे रिक्त असलेली पदे संगणक निदेशकांसाठी वर्ग करावीत, असा प्रस्ताव होता. पदे रिकामीच आहेत, तेव्हा कोणाचे नुकसान नाही, अशी टिपणी खालून आली होती. मी सही केली. संगणक शिकवणे आवश्यकच होते. ती मागणी चुकीची नव्हती. चूक एवढीच की, पदे रिक्त का राहिली, हा प्रश्न मी विचारला नाही. भरती आम्हीच रोखली होती. आधी पद भरायचे नाही आणि मग ते रिकामे आहे म्हणून रद्द करायचे, ही प्रशासनातील फार सोयीची रीत आहे.

उपाय अवाढव्य नाहीत. महाराष्ट्रात केंद्रशाळांची रचना आहे. एका केंद्रातील शाळांना मिळून एक पूर्णवेळ संगीत शिक्षक देणे आवाक्याबाहेरचे नाही. गावोगावच्या भजनी मंडळांतील पखवाजवादक, दिल्लीतील कव्वालांची घराणी, लोककलावंत यांना पदवीची अट शिथिल करून मानधनावर शाळेत आणता येईल. पूर्वी ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी दार उघडण्याची ती संधीही ठरेल. गाण्याला गुण देऊ नयेत. आणि सकाळची प्रार्थना मुलांनीच म्हणावी. त्यासाठी रुपयाही लागत नाही.

गाण्याने पोट भरते का, असे पालक विचारतील. बहुतेकांचे भरत नाही. परंतु चाळीस मुले एकत्र गातात तेव्हा प्रत्येकाला शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला आवाज सांभाळावा लागतो. निरनिराळ्या भाषांच्या आणि जातिधर्मांच्या मुलांना हे रोज करावयास लावणारा दुसरा तास वेळापत्रकात मला दिसत नाही.

आज सहीचा अधिकार माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अशी नस्ती पुढे आल्यास तिचा निर्णय दुसऱ्या दिवसावर टाकावा आणि सकाळी जवळच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहावे. प्रार्थना कोण म्हणते आहे, एवढेच पाहावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)