मूत्रपिंडविकारावर प्रोबायोटिकचा उतारा कितपत?

छत्तीसगढच्या गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा हे गाव मूत्रपिंडविकाराने झालेल्या मृत्यूंमुळे देशभर चर्चेत आले. तत्कालीन राज्यपाल अनुसुइया उइके यांनी २०१९ मध्ये या गावाला भेट दिली होती. याच राज्यात भिलाईच्या वैशालीनगरसारख्या शहरी वस्तीत मात्र हा विकार बहुधा मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या वाटेने येतो. डायलिसिसच्या धास्तीने रुग्ण मग प्रोबायोटिक व प्रीबायोटिक पूरकांकडे वळतो. ही धास्ती निराधार नाही. डायलिसिसच्या एका खेपेस सुमारे दोन हजार आणि वर्षाकाठी तीन लाखांहून अधिक रुपये खर्च येतो, असे २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणातच नमूद होते.

या पूरकांमागील तर्क मात्र पोकळ नाही. मूत्रपिंडे मंदावली की रक्तातील वाढलेला युरिया आतड्यात उतरतो आणि तेथील जिवाणू त्यापासून अमोनिया तयार करतात. प्रथिनांच्या विघटनातून निघणाऱ्या काही द्रव्यांपासून पुढे यकृतात इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट बनतात. ही विषद्रव्ये रक्तातील प्रथिनांना चिकटून राहत असल्याने डायलिसिसनेही पुरती निघत नाहीत. तेव्हा आतड्यात लाभदायी जिवाणू सोडावेत (प्रोबायोटिक) किंवा त्यांना इन्युलिनसारखे खाद्य पुरवावे (प्रीबायोटिक), म्हणजे विषाची निर्मितीच घटेल, अशी ही कल्पना आहे.

प्रत्यक्ष पुरावा तोकडा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ४५ अभ्यास आणि २,२६६ रुग्ण विचारात घेतले गेले. बहुतेक अभ्यास लहान व सदोष होते. या पूरकांमुळे डायलिसिस टळते किंवा आयुष्य वाढते, असा विश्वासार्ह निष्कर्ष त्यातून निघाला नाही. दुष्परिणाम क्वचित व सौम्य, म्हणजे पोटफुगी, मळमळ, जुलाब असे आढळले. तरीही प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना जिवंत जिवाणू घेणे धोक्याचे ठरू शकते. घरचे दहीदेखील सर्वांना सरसकट चालेलच असे नाही, कारण त्यात पोटॅशियम व फॉस्फरस असते.

खरा तोटा कालहरणाचा आहे. मूत्रपिंडाची झीज मंदावणारी औषधे आज उपलब्ध आहेत. रक्तदाबावरील काही औषधांच्या जोडीला मधुमेहावरील एसजीएलटी-२ वर्गातील गोळ्यांची शिफारस २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ठळकपणे केलेली आहे. त्यांचा लाभ विकार लवकर लक्षात आल्यास अधिक मिळतो. आणि त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्या पुरेशा असतात.