आगगाडीचें नांव शकुंतला

यंत्रांत प्राण ओतणें हें कवीचें काम, असें आपण समजतों. यवतमाळ जिल्ह्यांत मात्र कवीची वाट न पाहतां लोकांनींच तें उरकून टाकलें. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारें ११३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं कापूस वाहून नेण्याकरितां तयार झाला. इकडचा कापूस मुंबई बंदरांतून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. आणि त्याच मँचेस्टर शहरीं १९२१ सालीं घडलेलें वाफेचें इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धांवलें. अशा परक्या लोखंडास लोक 'शकुंतला' म्हणूं लागले!

नांव मिळतांच यंत्राशीं आपलें बोलणेंच पालटतें. इंजिन बिघडतें, पण शकुंतला थकते. गाडी खोळंबते, पण शकुंतला रुसते. आपल्या घरांना ही रीत नवी नाहीं. पहांटे दळणाऱ्या बायकांनीं ओव्यांतून जात्यास देव मानलें आणि माहेरचीं सुखदुःखें त्याच्यापाशींच उकललीं.

या प्राणदानाची दुसरी बाजू कुसुमाग्रजांनीं दाखविली. १९४२ सालच्या 'विशाखा' संग्रहांतील 'आगगाडी आणि जमीन' ही कविता मुलांना अवश्य वाचून दाखवावी. तेथें गाडी जिवंत आहे, पण गर्विष्ठ. आणि तिच्याखालीं चिरडली जाणारी जमीनहि जिवंत आहे. जमीन गयावया करते, गाडी तिला तुच्छ लेखते, आणि अखेर जमिनीच्या संतापापुढें गाडीचाच चुराडा होतो.

यंत्राचा श्वास, त्याचा हुंकार, त्याची धुराची शेंडी, हीं वर्णनें कोणीहि करील. काव्याची कसोटी निराळी आहे: यंत्रास जीव देतांना त्याच्या भोंवतालचे जीव कवीस दिसले काय? जातें देव झालें, तरी दळणारीचें दुःख ओवीनें झांकून ठेविलें नाहीं. 'शकुंतला' या गोड नांवांत मात्र भट्टींत कोळसा लोटणारा फायरमन दिसत नाहीं, कीं डब्यांतील कापूस पिकविणारा शेतकरीहि दिसत नाहीं. ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं अलीकडच्या दशकांत सारा महाराष्ट्र हळहळला, तेथें ही उणीव लहान नव्हे.

शकुंतलेवर ममता जरूर असावी. आज ती धांवत नाहीं, म्हणून ती अधिकच दाटून येते. पण तिचें गाणें रचूं पाहणाऱ्यानें एक कडवें त्या फायरमनसाठीं आणि एक त्या शेतकऱ्यासाठीं राखून ठेवावें. लोखंडास जीव देणाऱ्या भाषेनें माणसांस लोखंडाप्रमाणें मुकें ठेवूं नये.